बोट एकीकडे, कर्सर दुसरीकडे: एका टचस्क्रीनच्या कॅलिब्रेशनचं प्रकरण

फोनवर तक्रार एका वाक्यात आली: "टच बिघडलाय, कॅलिब्रेशन करून द्या." अशा वेळी मी एकच उलटप्रश्न विचारते. बोट ठेवल्यावर कर्सर नेमका कुठे जातो? पलीकडून उत्तर आलं, "कुठेही जातो." तिथेच मनात शंका आली. ज्या पडद्याचं फक्त कॅलिब्रेशन, म्हणजे बोटाची जागा आणि कर्सरची जागा यांचं जुळणं, बिघडलेलं असतं, तिथे कर्सर कुठेही जात नाही. तो ठरावीक दिशेला, ठरावीक प्रमाणात सरकलेला असतो आणि रोज तेवढाच सरकतो. 'कुठेही' या शब्दामागे बहुतेक वेळा दोन-तीन वेगवेगळ्या चुका एकमेकींत मिसळलेल्या असतात.

ठिकाण होतं एका ग्रंथालयाचं देवघेव टेबल. संगणक एक, मॉनिटर दोन. आतल्या बाजूला कर्मचाऱ्यांचा १९२० बाय १०८० पिक्सेलचा साधा मॉनिटर. बाहेरच्या बाजूला वाचकांसाठी १७ इंची टच मॉनिटर, १२८० बाय १०२४ पिक्सेलचा. वाचक उभ्यानेच सभासद क्रमांक टाकतो, पुस्तक शोधतो, मुदत वाढवून घेतो. टच रेझिस्टिव्ह जातीचा, म्हणजे दाबावर चालणारा. चित्र व्हीजीए केबलने येतं, टचची माहिती यूएसबी केबलने परत जाते. संगणकावर लिनक्स. पूर्वी तिथे फक्त टच मॉनिटर होता आणि सगळं व्यवस्थित चालायचं. महिन्याभरापूर्वी दुसरा मॉनिटर जोडला आणि तेव्हापासून टच हाताबाहेर गेला. त्या महिन्यात पाच वेळा कॅलिब्रेशन करून झालं होतं. प्रत्येक वेळी थोडा फरक पडल्यासारखा वाटायचा आणि संगणक बंद करून चालू केला की पहिले पाढे पंचावन्न.

पहिला अर्धा तास

मी गेले तेव्हा ग्रंथपाल मॅडमनी आधी वाचकांचा पडदा दाखवलाच नाही, स्वतःचा दाखवला. "ताई, इथे आपोआप नोंदी उघडतात. मी हात लावलेला नसतो." त्या हे सांगत असतानाच बाहेर एका वाचकाने टच मॉनिटरवर बोट ठेवलं आणि आतल्या मॉनिटरवर एक खिडकी मिटली. मॅडमना वाटत होतं की त्यांचा संगणक वेगळा बिघडलाय आणि टच वेगळा. प्रत्यक्षात ती एकच गोष्ट होती.

मी बाहेरच्या बाजूला गेले. पडद्याच्या उजव्या कडेला बोट ठेवलं, कर्सर टच मॉनिटरवरच होता, बोटाच्या थोडा आत. बोट हळूहळू डावीकडे सरकवत नेलं. कर्सर बोटापेक्षा कितीतरी वेगाने डावीकडे पळाला आणि बोट अजून मध्याच्या उजवीकडेच असताना पडद्यावरून नाहीसा झाला. मॅडम आतून म्हणाल्या, "इकडे आला!" बरोबर मध्यावर बोट ठेवलं तेव्हा कर्सर आतल्या मॉनिटरवर, त्याच्या उजव्या कडेपासून साधारण ३२० पिक्सेल आत उभा होता.

हे बघितल्यावर निदान व्हायला हिशेबाचीही गरज नव्हती, पण हिशेब करून ठेवला. दोन मॉनिटर शेजारी शेजारी मांडले की डेस्कटॉपची एकूण रुंदी १९२० अधिक १२८०, म्हणजे ३२०० पिक्सेल. टच पॅनेलला यातलं काहीच कळत नाही. ते एवढंच सांगतं, "माझ्या रुंदीच्या अमुक भागावर दाब पडला." तो भाग कुठल्या पडद्यावर उतरवायचा हे संगणकाने ठरवायचं असतं, आणि वेगळं काही सांगितलं नाही तर लिनक्सचा एक्स सर्व्हर (पडद्यावरच्या खिडक्या, माउस आणि टच सांभाळणारा प्रोग्रॅम) तो अख्ख्या डेस्कटॉपवर पसरवतो. मग पॅनेलचा मध्य म्हणजे ३२०० चा मध्य, १६०० च्या आसपासची जागा, आणि ती पडते आतल्या मॉनिटरवर. ३२०० पैकी पहिले १९२० पिक्सेल म्हणजे ६० टक्के. वाचकांच्या पडद्याचा डावीकडचा जवळजवळ तीन पंचमांश भाग त्यांच्यासाठी मेला होता आणि तिथला प्रत्येक स्पर्श कर्मचाऱ्यांच्या कामावर जाऊन आदळत होता.

मग ती पाच कॅलिब्रेशनं कशी झाली असतील? मी मॅडमना सहावं करून दाखवायला सांगितलं. त्यांनी प्रोग्रॅम चालू केला. चार कोपऱ्यांत एकामागून एक फुल्या उमटतात, प्रत्येकीवर बोट ठेवायचं. पण प्रोग्रॅमच्या लेखी पडदा ३२०० पिक्सेल रुंद होता, त्यामुळे डावीकडच्या दोन फुल्या उमटल्या आतल्या मॉनिटरवर, जिथे टचच नाही. "मग तुम्ही काय करायचात?" मॅडमनी बाहेर हात नेऊन टच मॉनिटरच्या अगदी डाव्या कडेला अंदाजाने बोट ठेवून दाखवलं. बिचाऱ्या आणखी काय करणार होत्या! फुली मागत होती ते त्यांनी जमेल तसं दिलं. प्रोग्रॅमनेही कुरकुर न करता दोन कडांशी पॅनेलने द्यायचे आकडे काढून दिले: किमान उणे २२५, कमाल ३६०१. हे पॅनेल ० ते ४०९५ मधलेच आकडे देतं. पॅनेल पडद्यापेक्षा लहान असतं तर कडेला ऋण आकडा निघणं समजण्यासारखं होतं, पण इथे ते पडदा पूर्ण झाकत होतं. म्हणजे तो उणे २२५ हा आकडा फुली एकीकडे आणि बोट दुसरीकडे असल्याचा सरळ पुरावा होता.

आधी जुनं काढलं

कॅलिब्रेशनची दुरुस्ती एकाच ठिकाणी साठते असा बऱ्याच जणांचा समज असतो. ती तीन ठिकाणी बसलेली असू शकते आणि प्रत्येक थर खालच्या थराच्या उत्तरावर आपली दुरुस्ती चढवतो. पहिला थर टचच्या कंट्रोलरमधला, म्हणजे पॅनेलचे आकडे संगणकाकडे पाठवणाऱ्या छोट्या सर्किटमधला. बऱ्याच रेझिस्टिव्ह कंट्रोलरना स्वतःची छोटी स्मृती असते, त्यात उत्पादकाच्या प्रोग्रॅमने लिहिलेले आकडे वीज गेली तरी राहतात. दुसरा थर ड्रायव्हरचा, म्हणजे ते आकडे संगणकात वाचून घेणाऱ्या प्रोग्रॅमचा. तिसरा डेस्कटॉपचा, म्हणजे कुठला टच कुठल्या पडद्यावर. जुनी दुरुस्ती आत ठेवून नवी केली, तर नवे आकडे जुन्या चुकीची भरपाई करत बसतात. पुढे कोणी जुनी फाइल पुसली की चांगला चाललेला टच एकाएकी बिघडतो आणि कारण कोणालाच सापडत नाही.

इथे कंट्रोलर कारखान्याच्या मूळ स्थितीतच निघाला. ड्रायव्हरच्या थरात मात्र एक गंमतीशीर वाटावी अशी, पण महिनाभर त्रास दिलेली गोष्ट होती. कोणीतरी कॅलिब्रेशनचे किमान-कमाल आकडे सेटिंगच्या फाइलमध्ये नीट लिहून ठेवले होते. जागा बरोबर, लिहिण्याची पद्धत बरोबर, पण ती जुन्या ईव्हीडेव्ह ड्रायव्हरची. या संगणकावर लिबइनपुट ड्रायव्हर चालू होता आणि तो किमान-कमाल आकडे वाचतच नाही, त्याला ९ आकड्यांची मॅट्रिक्स लागते, म्हणजे तीन ओळी-तीन स्तंभांत मांडलेले आकडे. फाइल होती, आकडे होते, पण ते वाचणारं कोणी नव्हतं. चूक झाल्याची सूचनाही येत नाही. प्रोग्रॅम चालवला की त्या सत्रापुरता परिणाम दिसायचा आणि संगणक पुन्हा चालू झाला की जायचा. 'कॅलिब्रेशन टिकत नाही' या तक्रारीचं मूळ हे. मी फाइल बाजूला काढली, आकडे वहीत उतरवून घेतले आणि संगणक पुन्हा चालू केला.

टचला त्याचा पडदा दाखवणं

एक्सइनपुट नावाच्या प्रोग्रॅमला 'मॅप-टू-आउटपुट' सांगून टचचं नाव आणि मॉनिटरच्या जोडणीचं नाव दिलं की काम होतं. पण आत काय होतं ते एकदा हाताने मांडून बघावं, मग पुढे कधी काही अडलं तर घाबरायला होत नाही. टच मॉनिटरची रुंदी एकूण रुंदीच्या किती पट? १२८० भागिले ३२००, म्हणजे ०.४. तो डावीकडून कुठे सुरू होतो? १९२० भागिले ३२००, म्हणजे ०.६. उंचीचं तसंच: १०२४ भागिले १०८०, म्हणजे ०.९४८. दोन्ही मॉनिटरच्या वरच्या कडा एका रेषेत असल्याने वरून सुरुवात ०. मॅट्रिक्सच्या पहिल्या ओळीत ०.४, ०, ०.६; दुसरीत ०, ०.९४८, ०, तिसरीत ०, ०, १. याचा अर्थ इतकाच की पॅनेलचा आडवा आकडा ०.४ ने गुणायचा आणि त्यात ०.६ मिळवायचे. पॅनेलचा मध्य ०.५ घेतला तर ०.२ अधिक ०.६, ०.८. आणि ३२०० च्या ०.८ पट म्हणजे २५६०, टच मॉनिटरचा बरोबर मध्य.

हे केल्याक्षणी मॅडमच्या पडद्यावरचे आपोआप होणारे क्लिक थांबले. त्यांच्या दृष्टीने अर्धं काम तिथेच झालं होतं.

विंडोजवर हीच पायरी कंट्रोल पॅनेलमधल्या टॅब्लेट पीसी सेटिंग्जमध्ये आहे. तिथे 'सेटअप' आणि 'कॅलिब्रेट' अशी दोन वेगळी बटणं आहेत. सेटअप विचारतं की यातला टचचा पडदा कुठला. ज्यावर सूचना दिसते तो टचचा असेल तर बोट लावायचं, नसेल तर एंटर दाबून पुढच्यावर जायचं. लोक सेटअप सोडून थेट कॅलिब्रेट दाबतात. आधी 'रीसेट', मग सेटअप, मग गरज वाटली तर कॅलिब्रेट, असा क्रम मी ठेवते.

चित्र जागेवर आहे का

मोजायला बसण्याआधी एक गोष्ट नजरेत भरली. टच मॉनिटरच्या उजव्या कडेला बारीकशी काळी रेघ होती आणि डावीकडे प्रोग्रॅमच्या खिडकीची कड कापली गेली होती. अख्खं चित्र ६ पिक्सेल, म्हणजे दीड मिलिमीटरभर, डावीकडे सरकलेलं. व्हीजीए केबलवर हे होतं. सिग्नल ॲनालॉग असल्याने चित्र कुठे सुरू होतं ते मॉनिटरला स्वतः ओळखावं लागतं. त्यासाठी मॉनिटरवर 'ऑटो' बटण असतं, आणि ते इथेही दाबून झालं होतं. पण वाचकांसाठीच्या स्वागताच्या पानाची पार्श्वभूमी काळी होती. काळ्या चित्राची कड मॉनिटरला सापडणार कशी? मी पूर्ण पांढरं पान उघडलं, 'ऑटो' दाबलं, दोन सेकंद चित्र थरथरलं आणि जागेवर बसलं.

ही पायरी गाळून मी कॅलिब्रेशन केलं असतं तर टच त्या सरकलेल्या चित्राला जुळला असता. मग कधीतरी कोणी 'ऑटो' दाबलं असतं, चित्र बरोबर झालं असतं आणि टच चुकला असता. तेव्हा पुन्हा कॅलिब्रेशनलाच दोष गेला असता.

नऊ ठिकाणांचा तक्ता

मग कॅलिब्रेशन न करता फक्त मोजलं. पडद्यावर नऊ फुल्या काढल्या, तीन ओळी, तीन स्तंभ. बाहेरच्या फुल्या कडेपासून रुंदी-उंचीच्या सोळाव्या भागावर. बोथट टोकाच्या प्लॅस्टिकच्या स्टायलसने प्रत्येक फुली दाबायची आणि कर्सर किती पिक्सेल सरकलेला आहे ते लिहायचं. उजवीकडे गेला तर अधिक, डावीकडे गेला तर उणे.

डाव्या स्तंभात आडव्या चुका आल्या वरून खाली ४८, ४९, ५१. मधल्या स्तंभात ०, १, २. उजव्या स्तंभात उणे ४९, उणे ४८ आणि सगळ्यात खाली उणे ३१.

या नऊ आकड्यांत सगळी कहाणी आहे. डावीकडे कर्सर उजवीकडे ओढला जातोय, उजवीकडे डावीकडे, मध्यावर ठीक. म्हणजे सगळीकडून मध्याकडे. रेझिस्टिव्ह पॅनेलचा हा ओळखीचा चेहरा आहे. काचेवर आणि वरच्या लवचिक फिल्मवर विद्युतवाहक थर असतो, मध्ये सूक्ष्म ठिपक्यांनी अंतर राखलेलं. दाब पडला की थर टेकतात आणि टेकल्या जागेचा व्होल्टेज मोजून ठिकाण काढलं जातं. १२ बिटांच्या मापनात ० ते ४०९५ आकडे शक्य असले, तरी कडांशी तारा आणि जोडण्यांमध्ये थोडा व्होल्टेज जातोच. त्यामुळे पडद्याच्या कडेला आकडा ० येत नाही, दीड-दोनशे येतो. ही चूक सरळ रेषेतली आहे, म्हणजे मध्यापासून कडेकडे सारख्याच प्रमाणात वाढणारी, आणि कॅलिब्रेशन याच चुकीसाठी असतं.

दुसरी खूण बारीक आहे: प्रत्येक स्तंभात खाली जाताना आकडा एकेका-दोनाने वाढतो. पॅनेल मॉनिटरवर किंचित तिरकं चिकटवलेलं होतं. डोळ्याला दिसणार नाही इतकं, पण तक्त्यात दिसतं.

आणि तिसरी खूण म्हणजे तो उणे ३१. त्या चढीने तिथे उणे ४६ यायला हवा होता. पंधरा पिक्सेलचा, म्हणजे ४ मिलिमीटरचा फरक, तोही एकाच कोपऱ्यात. उभ्या चुकीतही तो कोपरा तसाच खालच्या कडेकडे ओढलेला निघाला. सरळ रेषेचं कुठलंच गणित एका कोपऱ्यापुरतं वाकत नाही. हे कॅलिब्रेशनचं काम नव्हतं.

तीन फुल्यांच्या कॅलिब्रेशनबद्दल माझं ठाम मत इथूनच झालंय. आडव्या ठिकाणासाठी तीन अनोळखी आकडे आणि उभ्यासाठी तीन, असे सहा आकडे काढायचे असतात. तीन फुल्यांमधून बरोबर सहा समीकरणं मिळतात, म्हणून उत्तर नेहमीच तंतोतंत जुळतं. तिसरी फुली बिघडलेल्या कोपऱ्यात असली तरी जुळतं! चूक जाते कुठे? ती सगळ्या पडद्यावर तिरकी पसरते. चार कोपऱ्यांच्या फुल्या घेतल्या तर ती वाटली जाते: एका कोपऱ्यात १५ पिक्सेलची चूक असेल, तर सर्वांत कमी चुकीचं उत्तर चारही कोपऱ्यांत जवळजवळ चार-चार पिक्सेल टाकून मोकळं होतं. आधी एकच कोपरा आजारी होता, आता चारही थोडेथोडे आजारी, आणि मूळ दुखणं कुठलं ते ओळखूही येत नाही. बाकीच्या फुल्या निदान विसंगती दाखवण्यासाठी तरी लागतात.

उजवा खालचा कोपरा

ईव्हीटेस्ट नावाचा प्रोग्रॅम लावून पॅनेलकडून येणारे कच्चे, म्हणजे कुठलीही दुरुस्ती न चढलेले, आकडे पाहिले. कोणी हात न लावताही अधूनमधून एखादा स्पर्श येत होता, आणि आडवा आकडा दर वेळी ३८९० च्या आसपास. म्हणजे उजव्या कडेला काहीतरी स्वतःच दाबत होतं.

कागदाची कसोटी सोपी आहे. साधा लिहायचा कागद मॉनिटरची प्लॅस्टिक चौकट आणि पॅनेल यांच्या फटीत सरकवायचा आणि कडेकडेने ओढत न्यायचा. वरची कड, डावी कड, खालची कड, सगळीकडे कागद सैल फिरला. उजव्या खालच्या कोपऱ्यापाशी साधारण चार सेंटिमीटर अडकला, ओढला तर फाटायला लागला. मॉनिटर बंद करून, केबली काढून, पालथा घालून चौकट उघडली. चौकटीच्या आतून धूळ अडवायला फोमची बारीक पट्टी असते. त्या कोपऱ्यात तिचं टोक सुटून दुमडलं होतं आणि दुमडीत पुस्तकांवरच्या लेबलांचा डिंक आणि धूळ मिळून टणक गोळी झाली होती. चौकट त्या गोळीवरून फिल्म दाबत होती.

बोट दुसरीकडे असतं तेव्हा हा दाब बहुतेक वेळा थर टेकवण्याइतका नसायचा. पण त्या कोपऱ्याजवळ बोट ठेवलं की फिल्म आणखी वाकायची आणि गोळीखालीही थर टेकायचे. साध्या रेझिस्टिव्ह पॅनेलला दोन ठिकाणचे दाब वेगळे कळत नाहीत, ते दोहोंच्या मधली जागा सांगतं. म्हणून कर्सर कोपऱ्याकडे ओढला जात होता. वाचकांच्या प्रोग्रॅममध्ये 'पुढे' हे बटण नेमकं त्याच कोपऱ्यात आहे. दिवसभर सगळ्यात जास्त दाबलं जाणारं बटण पॅनेलच्या सगळ्यात नाजूक जागी! ते कडेपासून थोडं आत आणि वर घ्या, असं मी लेखी सुचवलं आहे.

गोळी काढली, पट्टी सरळ करून चिकटवली, स्क्रू बसेपर्यंतच आवळले. चौकटीचे स्क्रू पूर्ण ताकदीने आवळणं हेही याच दुखण्याचं एक नेहमीचं कारण आहे. पुन्हा मोजलं: उजवा खालचा आकडा उणे ४६. हात न लावता येणारे स्पर्शही थांबले.

आता कॅलिब्रेशन

इतकं झाल्यावर प्रत्यक्ष कॅलिब्रेशनला सात-आठ मिनिटं लागली. फुल्या या वेळी फक्त टच मॉनिटरवर, कडेपासून आठव्या भागावर. अगदी कडेला फुल्या घेऊ नयेत, कारण तिथे पॅनेल सरळ रेषेत वागत नाही आणि तिथली वाकडी वर्तणूक सगळ्या पडद्याला लागते. वरच्या दोन फुल्यांवर आडवे कच्चे आकडे आले ६४८ आणि ३४५२. फुल्या होत्या १६० आणि ११२० पिक्सेलवर. २८०४ आकड्यांत ९६० पिक्सेल, म्हणजे एका आकड्याला ०.३४२ पिक्सेल. यावरून मागे गेलं की डावी कड १८० च्या आसपास आणि उजवी ३९२० च्या आसपास निघते. खालच्या दोन फुल्यांवर ६५६ आणि ३४६०, दोन्हीकडे ८ ने जास्त. तोच तो तिरकेपणा. फक्त किमान-कमाल धरणारी पद्धत हा ८ सरासरीत बुडवते, मॅट्रिक्समध्ये त्याला स्वतःची जागा असते.

फुल्या दाबायच्या आधी एक वाद मिटवावा लागला. मॅडम खुर्चीत बसून, टेबलाच्या आतून वाकून कॅलिब्रेशन करायच्या. चित्र उमटतं ते टच पॅनेलच्या खालच्या पडद्यावर आणि बोट टेकतं ते वरच्या फिल्मवर, मध्ये काही मिलिमीटर अंतर. हे अंतर ४ मिलिमीटर धरलं आणि नजर ३० अंश तिरकी असली, तर फुली २.३ मिलिमीटर बाजूला दिसते. काचेतल्या वक्रीभवनाने हे थोडं कमी होतं, तरी पाच-सहा पिक्सेलचा फरक सहज पडतो. म्हणून जिथे वाचक उभा राहतो तिथेच उभं राहून, तेवढ्याच उंचीवरून फुल्या दाबायच्या. तिथे मध्यम उंचीचे एक सहायक होते, त्यांच्याकडूनच दाबून घेतल्या, स्टायलसने नाही, बोटाने. बोट टेकवायचं, क्षणभर स्थिर धरायचं, मग सरळ वर उचलायचं. घसरत उचललं तर शेवटचा आकडा चुकतो.

तपासणी मात्र वेगळ्या जागी करायची. ज्या फुल्यांवरून आकडे काढले त्यांवरच पुन्हा दाबून बघितलं तर निकाल छानच दिसणार. आधीच्याच नऊ जागी मोजलं: सर्वांत मोठी चूक ३ पिक्सेल, म्हणजे एक मिलिमीटरही नाही. मग चित्रकलेचा प्रोग्रॅम उघडून पट्टी धरली आणि कोपऱ्यातून कोपऱ्यात तिरकी रेघ ओढली. रेघ कुठे वाकली किंवा तुटली तर पॅनेल तिथे झिजलेलं असतं. ही सरळ आली.

टिकायला हवं

मॅट्रिक्स एकच करून टाकता आली असती. मी दोन ठेवल्या. पॅनेलचा स्वभाव सुधारणारी एक, लिबइनपुटच्या कॅलिब्रेशनमध्ये, जिचा पहिला आकडा १.०९५ च्या आसपास आहे. पडदा दाखवणारी दुसरी, लॉगिननंतर चालणाऱ्या छोट्या स्क्रिप्टमध्ये. उद्या आतला मॉनिटर बदलला, तर फक्त दुसरी बदलावी लागेल, पॅनेलला हात लावायचं कारण नाही. दोन्ही ठिकाणी टचचा क्रमांक न वापरता नाव वापरलं, कारण यूएसबीचं भोक बदललं की क्रमांक बदलू शकतो.

मग मुद्दाम त्रास दिला. संगणक तीनदा बंद-चालू केला. टचची केबल चालू असताना काढून दुसऱ्या भोकात लावली, आणि इथे स्क्रिप्ट कमी पडली: पॅनेलचं कॅलिब्रेशन आपोआप परत आलं, पण टच पुन्हा दोन्ही पडद्यांवर पसरला. टच मॉनिटर बटणाने बंद करून दोन मिनिटांनी चालू केला तेव्हाही डेस्कटॉपची मांडणी बदलली. म्हणून हीच स्क्रिप्ट चालवणारं 'टच पडद्यावर आणा' असं चिन्ह मॅडमच्या डेस्कटॉपवर ठेवलं, आणि कॅलिब्रेशनच्या प्रोग्रॅमचं चिन्ह तिथून काढलं.

हेच पॅनेल कपॅसिटिव्ह असतं, मोबाइलसारखं, तर निम्मं प्रकरण उद्भवलंच नसतं. तिथे इलेक्ट्रोडची जाळी काचेवर कायमची आखलेली असते, आकडे काळानुसार सरकत जात नाहीत, आणि कॅलिब्रेशन सहसा लागत नाही. तिथे बोट आणि कर्सर जुळत नसतील तर आधी पडद्याची जोडणी बघावी. नंतर चित्र मोठं होऊन कडांबाहेर जातंय का ते बघावं. एचडीएमआयवर काही पडदे चित्र थोडं फुगवतात, त्याला ओव्हरस्कॅन म्हणतात. मध्यावर सगळं ठीक आणि कडेला जाताना कर्सर बोटाच्या बाहेरच्या बाजूला पळत असेल, तर मॉनिटरच्या सेटिंगमध्ये ओव्हरस्कॅन बंद करायचा.

नऊ जागांचा तक्ता मी टेबलाच्या खणाच्या आतल्या बाजूला चिकटवून ठेवला आहे, तारखेसह. दीड महिन्याने पुन्हा गेले तेव्हा तशीच फुली-फुली मोजून शेजारी दुसरा स्तंभ लिहिला. आठ जागी चूक ३ पिक्सेलच्या आत. उजव्या खालच्या कोपऱ्यात ५. मॅडमनी विचारलं, "कॅलिब्रेशन करायचं का?" मी खिशातून कागद काढला आणि फटीत सरकवला. कोपऱ्यापाशी तो किंचित घासत होता. स्क्रू अर्धा फेरा सैल केल्यावर ५ चे ३ झाले.